भाजलेल्याची वर्दी

शेजारच्या शालनताई कंपनीतून परतल्या, तशा थेट माझ्याच दारात आल्या. हातात गोळ्यांची चकाकती स्ट्रिप होती. "मॅडम, बघा बरं, कसल्या आहेत या? धुराचा त्रास होणार नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांना वाटल्या."

मी स्ट्रिपवरचं नाव वाचलं: अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची हानी रोखणारं औषध. "आणि धूर ओढणारा पंखा?" मी विचारलं.

"तो दिवाळीपासून बंदच आहे. सांगून सांगून दमलो." बोलताना त्या खोकत होत्या.

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात पेशी शिकवते. पेशीचं आवरण मुख्यतः स्निग्ध पदार्थाचं असतं. काही दाहक अंगावर आलं की आधी तेच पोळतं, आणि त्याचेच पोळलेले कण आत जाऊन वर्दी देतात. ती वर्दी मिळाली की पेशी तडक स्वतःची अँटिऑक्सिडंट बनवायला घेते. तिथे पोळलेल्याचं ऐकतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीला जे कळतं, ते एसीत बसलेल्या त्या साहेबाला कळू नये?

"उद्या जाऊन पुन्हा सांगा," मी जवळजवळ ओरडलेच.

"आता कसलं सांगायचं, मॅडम," शालनताई म्हणाल्या. "सुरक्षेचं साहित्य मिळालं, काही तक्रार नाही, असं लिहून गोळ्या देतानाच सही घेतलीय सगळ्यांची."