आत्याची हरकत

माझी आत्या आंतरराष्ट्रीय कायद्याची मोठी अभ्यासक. तिची पुस्तकं परदेशातल्या विद्यापीठांत शिकवतात. घरात मात्र तिची ख्याती एवढीच, की शेंडी तुटो की पारंबी, बाई वाद सोडायची नाही.

तिचा मुद्दा तसा साधा. एखादं राष्ट्र गप्प बसलं की त्याची संमती धरायची, असं या कायद्यात चालत आलेलं. आत्या म्हणाली, आधी बघा, त्याला बोलायची सोय होती का? नसेल, तर ते मौन संमती नव्हे. तिच्यानंतर या विषयावर लिहिणाऱ्या कोणालाच तो प्रश्न टाळता आला नाही.

हे तिला सुचलं धरमतरच्या खाडीकाठी, आमच्या गावात. भरतीच्या पाण्याने बांध फुटला की गाव देवळात जमायचं आणि तो बुजवायला कोणाच्या शेतातली माती काढायची ते ठरवायचं. शेवटी पंच विचारायचे, "कोनाची हरकत हाय का?" बायका बाहेर पायरीवर. त्यांनी आत बोलायचं नाही, ही रीत. आजी, म्हणजे आत्याची आई, तरुणपणीच विधवा झालेली. दर वेळी तिचंच शेत खणलं जायचं आणि पंच म्हणायचे, बाईची हरकत नाय.

गेल्या वर्षी रोह्याच्या घरी आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. बाबा तिचे धाकटे भाऊ. कंबर मोडेपर्यंत त्यांनी तिचं सगळं केलं. मग पनवेलला एका शुश्रूषा केंद्रात जागा मिळाली. रोहा सोडून मरायलासुद्धा जाणार नाही, हे बोलती असताना ती शंभरदा म्हणाली होती.

न्यायच्या दिवशी बाबांनी तिला विचारलं, "ताई, जायचं ना?" ती बघत राहिली.

"बघ, नाय म्हनत नाय ती," ते मला म्हणाले.

मी पेणच्या कोर्टात वकिली करते, बोलण्यावर पोट भरते. मी म्हटलं, बाबा, तिला बोलताच येत नाही.

"म्हाईत हाय मला. मग काय करू गो? तुझ्याकडं नेतेस?"

माझं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं. बाबांचा रागही करता येईना.

अँब्युलन्सची माणसं आत आली. त्यांनी तिला उचललं तेव्हा आत्याने डाव्या हाताने पलंगाची कड धरली. घट्ट. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तो हात सापडेल ते धरतो, त्याला अर्थ नसतो. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. मला काहीच कळलं नाही.

बाबा खाली वाकले आणि रडत रडत तिचं एकेक बोट सोडवू लागले.