साहेबांच्या गाडीचे टायर

आमची गाडी हायब्रिड आहे आणि ती मी चालवते. ही दोन्ही वाक्यं लोकांच्या गळी उतरवायला सारखाच वेळ लागतो. हायब्रिड म्हटलं की लोक विचारतात, चार्जिंगला कुठे लावता? लावावी लागत नाही, थोडी पेट्रोलवर आणि थोडी स्वतःच भरून घेतलेल्या बॅटरीवर चालते, असं सांगितलं की ते माझ्या नवऱ्याकडे वळून विचारतात, "बरोबर का हो?" नवरा गंभीरपणे मान हलवतो. त्याला गाडी येत नाही. लायसन्सही नाही. पण मान फार विश्वासार्ह हलते.

मी रोज बोरिवलीहून विक्रोळीला कामाला जाते. हायवेने जोगेश्वरी, तिथून लिंक रोडने पवईवरून पलीकडे. या रस्त्याला रस्ता म्हणण्याची पद्धत आहे. एकदा गाडी पुसताना पुढच्या टायरच्या अंगाला हाताला फुगवटा लागला, लहान लिंबाएवढा. कुठल्या खड्ड्याने दिला ते सांगणं अवघड, एवढे देणारे होते. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने वाकूनही पाहिलं नाही. "हा कधी पण फुटेल," तो म्हणाला, "आणि बाकीचे पण गोटे झालेत. सगळेच बदला."

घरी हे सांगितलं आणि नवऱ्याला जगण्याचं प्रयोजन मिळालं. जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा राहिला. त्यात परदेशातली माणसं कोरड्या, रुंद, रिकाम्या रस्त्यांवर टायर घासून दाखवत होती. "रोलिंग रेझिस्टन्स कमी पाहिजे," नवरा म्हणाला. म्हणजे काय, असं मी विचारलं नाही, तरी त्याने सांगितलं. टायर जेवढा हलका घरंगळेल तेवढं पेट्रोल कमी. आपण हायब्रिड घेतली ती पृथ्वीसाठी, आता टायर चुकीचे घेऊन पृथ्वीचा विश्वासघात करायचा का? सासूबाई शांतपणे सोलकढी पीत होत्या. त्यांनी विचारलं, "पृथ्वी खय रवता?" पृथ्वी कुठे राहते यावर त्याच्याकडे व्हिडिओ नव्हता.

मला एकच गोष्ट हवी होती. गेल्या पावसात पवईच्या उतारावर सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही. आवाज नाही, धक्का नाही, नुसती पुढे सरकत राहिली, साबणावरून पाय सरकावा तशी. समोर रिक्षा होती. तिच्या मागच्या काचेतून शाळेच्या कपड्यातली एक मुलगी माझ्याकडे बघत होती. गाडी थांबली तेव्हा मधे वीतभर जागा उरली होती. मुलगी हसली. मला हात स्टिअरिंगवरून सोडवेनात. ऑफिसात जाऊन मी पाणी प्यायले, कामाला लागले आणि घरी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर नवऱ्याने मला ब्रेक कसा मारावा ते समजावलं असतं.

रविवारी आम्ही गोरेगावला निघालो. तिथे सासूबाईंची बहीण राहते, सासूबाईंना तिच्याकडे सोडायचं आणि जवळच्या टायरच्या मोठ्या दुकानात जायचं असं ठरलं होतं. सासूबाईंच्या मांडीवर बहिणीसाठी घावण्यांचा डबा होता. पण दुकान आधी लागलं, आणि सासूबाई म्हणाल्या, मीही बघते टायर कसे घेतात ते.

मी गाडी दुकानासमोर लावली, चावी हातात घेऊन उतरले. दुकानाचे मालक काउंटरमागून हसत बाहेर आले आणि माझ्या शेजारून जाऊन त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला. "या साहेब. गाडी झकास ठेवलीय." मग मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही आत एसीत बसा ना."

मी बसले नाही. मालक दोन टायर घरंगळवत घेऊन आले. एक मायलेजवाला, एक ग्रिपवाला. "साहेब, हायब्रिडवाला माणूस ॲव्हरेज बघतो," ते म्हणाले. "शिवाय बॅटरीवर असताना इंजिन गप्प, म्हणून टायरचा आवाज जास्त येतो. हा मायलेजवाला बघा, लोण्यासारखा जातो."

"रोलिंग रेझिस्टन्स?" नवऱ्याने हळूच विचारलं.

मालकांच्या चेहऱ्यावर हरवलेला भाऊ भेटल्यासारखा आनंद पसरला. पुढचा काही वेळ ते दोघे ज्या भाषेत बोलत होते तिच्यात मला स्थान नव्हतं. मधेच मी विचारलं, "पावसात ब्रेक मारला तर यातला कुठला लवकर थांबतो?"

मालकांनी नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं. "मॅडमना सांगा, हल्ली सगळेच थांबतात." मग टायर थोपटत म्हणाले, "साहेब, तुम्ही कसे चालवता? तापट की शांत? त्यावर ठरवू."

नवऱ्याने मान हलवायला सुरुवात केली होती. कुठल्या दिशेने, ते त्यालाही ठाऊक नसावं. तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या, "अरे, तेका कित्याक इचारतस? गाडी सून चलयता. हो बाजूक बसान नुसतो ब्रेक मारता, तोय नसलेलो."

मालवणी कळायला मालवणी असावं लागत नाही. मग मालक माझ्याकडे वळले आणि एकदम हळू, मोठ्याने बोलू लागले, जसं परदेशी पाहुण्याशी बोलतात. "मॅडम. घाबरायचं नाही. टायरमध्ये. हवा असते."

"तेवढं माहीत आहे," मी म्हटलं, आणि पवईच्या उताराचं सगळं सांगून टाकलं. रिक्षा, मुलगी, वीतभर जागा. सांगायचं ठरवलं नव्हतं. टायरच्या दुकानात उभी राहून सांगताना माझा आवाज बारीक झाला, याचाच मला जास्त राग आला.

नवरा टायरवरचा हात काढून माझ्याकडे बघत होता. "कधी झालं हे?"

"गेल्या पावसात."

"मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तू व्हिडिओ दाखवला असतास."

त्याने मोबाइल खिशात टाकला. आमच्या संसारात असे क्षण मोजकेच येतात, म्हणून मी तो नीट बघून घेतला. मग तो मालकांना म्हणाला, "पावसात थांबणारे द्या. मायलेज राहू दे."

"पण साहेब, पेट्रोल..."

"मॅडमना विचारा."

इथपर्यंत सगळं छान चाललं होतं. पण नवऱ्याचा अभ्यास वाया जायला तयार नव्हता. तो उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च लावून ग्रिपवाल्या टायरवर काहीतरी शोधू लागला. टायरवर तो कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला याचे चार आकडे असतात, आणि रबर नुसतं पडून राहिलं तरी कडक होतं, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. तो उठला आणि म्हणाला, "हा टायर आमच्या गाडीपेक्षा जुना आहे."

"साहेब, टायर काय दूध आहे का नासायला?" मालक म्हणाले.

"ताजे मागवा," मी म्हटलं. त्या दिवशी पहिल्यांदाच आम्ही दोघे एका बाजूला होतो.

ताजे गोडाउनमधून यायचे होते. गोडाउन पाच मिनिटांवर होतं, म्हणजे दुपार झाली. सासूबाईंना भूक लागली. त्यांनी बहिणीचा डबा उघडला आणि घावणे वाटले, मालकांनाही. मालकांनी दोन खाल्ले आणि मला विचारलं, "मॅडम, हवेऐवजी नायट्रोजन भरू का?" प्रश्न मला विचारला, म्हणून मी खूश होऊन हो म्हणून टाकलं. नायट्रोजनने काय होतं ते मला अजून नक्की कळलेलं नाही.

नव्या टायरांनी ॲव्हरेज थोडं पडलं. नवरा डॅशबोर्डवरच्या आकड्याकडे आजारी नातेवाइकाकडे बघावं तसा बघतो, पण बोलत नाही. पावसात पवईच्या उतारावर गाडी थांबायला हवी तिथे थांबते. पहिल्यांदा थांबली तेव्हा मी गाडीत एकटीच होते. सिग्नल हिरवा झाला तरी क्षणभर तशीच बसले, मागच्याने हॉर्न मारला, मग निघाले.

परवा मी गॅलरीत कपडे काढत होते. खाली आवारात नवरा शेजाऱ्यांच्या गाडीपाशी उकिडवा बसला होता आणि शेजारी हात बांधून ऐकत होते. "आधी थांबणं," नवरा सांगत होता, "बाकी सगळं नंतर. आमच्याकडे मी तसंच ठरवलं." शेजाऱ्यांची बायको तीच गाडी चालवत दवाखान्यात कामाला जाते. ती खांद्याला पर्स, हातात चावी, अशी मागे उभी होती. नवऱ्याचं तिच्याकडे लक्ष गेलं. तो तत्परतेने उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, चालवता तुम्ही ना? मग तुम्हाला काय वाटतं ते महत्त्वाचं."

मला वरती उभ्या उभ्या बरं वाटलं. वहिनींनी बोलायला तोंड उघडलं, तोवर तो पुढच्या चाकाकडे सरकला होता.