काकूंचा पासवर्ड

औषधांच्या कारखान्यात काकूंना नावानं कुणी हाक मारत नसे. कामगारांच्या नोंदींच्या खोलीत बसून त्यांचे केस पिकले. जीव लावायच्या, अन् नको तिथंही लावायच्या! खोलीतल्या बायका पासवर्ड विसरायच्या, कामं खोळंबायची आणि कॉम्प्युटरवाला म्हणजे उंबराचं फूल. मग काकू सकाळी आल्या आल्या सगळे कॉम्प्युटर स्वतःच्याच पासवर्डनं उघडून ठेवायच्या. "घ्या गं, लागा कामाला!" कॉम्प्युटरवाल्यानं एकदा हटकलं, तर त्यालाच म्हणाल्या, "अरे, इथं काय सोन्याच्या विटा आहेत?"

एक दिवस पॅकिंगमधली एक मुलगी गालावर वळ घेऊन त्यांच्यापुढे बसली. तिचा नवरा कारखान्याचीच गाडी चालवायचा.

"काकू, हा मला जिवंत ठेवायचा नाही."

काकूंनी साहेबांच्या हात धुऊन मागं लागून तिची दूरच्या शाखेत बदली करून घेतली. नवा पत्ता असा बंद करून ठेवला, की त्यांच्या पासवर्डशिवाय कुणाला दिसू नये. "मेले तरी सांगायची नाही," असा शब्द दिला, आणि पाळलाही. नवरा येऊन रडला, पाया पडला, अंगावर धावून आला. काकूंनी ताकास तूर लागू दिली नाही.

मेला गोडीगुलाबीनं पुन्हा आला. जेवणाच्या सुट्टीत काकू कँटीनला गेलेल्या. खोलीत नव्यानं लागलेली एकच बाई डबा खात होती.

"ताई, रजेचा अर्ज काढायचाय. तुम्ही जेवा निवांत, माझं मी काढतो."

तोंडात घास होता, तिनं मानेनंच हो म्हटलं. तिला बिचारीला काय ठाऊक हा कोण! कॉम्प्युटर उघडाच होता. त्यानं बायकोचं नाव घातलं, पत्ता वाचला आणि "येतो हं ताई" म्हणून गेला.

दोनच दिवसांत त्यानं तिचं दार वाजवलं. शेजाऱ्यांनी ओढून बाजूला केला म्हणून ती वाचली. एक डोळा मात्र गेला.

चौकशीत निघालं, पत्ता काकूंच्याच पासवर्डनं उघडला होता. साहेबांनी त्यांना घरी बसवलं. नोकरीचं काकूंना काही वाटलं नाही. त्या तडक दवाखान्यात गेल्या.

मुलीच्या अर्ध्या तोंडावर पट्टी होती, उरलेला डोळा सुजून मिटला होता. काकूंचा आवाज ऐकताच तिनं चाचपडत त्यांचा हात धरला.

"काकू, तुम्हालाही फार मारलं का हो त्यानं? त्याशिवाय तुम्ही सांगितलं नसतं."

हो म्हटलं असतं तर तिथंच निभावलं असतं.

"नाही गं बाई," त्या म्हणाल्या, "मला कुणी बोटसुद्धा लावलं नाही."

आणि त्यांनी सगळं सांगितलं, रोज सकाळी उघडे ठेवलेले कॉम्प्युटरसुद्धा. मुलगी ऐकत राहिली. मग तिनं हात काढून घेतला आणि कूस बदलली.