एनेइदा वहिनीची बॅग

आमची वहिनी बोटीवरसुद्धा स्वतःचं अंथरूण स्वतःच आवरायची. आमच्या खोलीचं काम एल्मेरकडे होतं. होंडुरासचा माणूस, दोन लेकरांचा बाप. रोज सकाळी दार वाजवून आत यायचा आणि बघायचा तर चादर ताणलेली, उशा जागच्या जागी, न्हाणीघरातला आरसासुद्धा पुसलेला. शेवटच्या दिवशी त्यानं हातच टेकले.

"मावशी, आज तरी मला माझं काम करू द्या. साहेब विचारतो, या खोलीच्या चादरी धुवायला कशा येत नाहीत म्हणून."

"मग खुर्चीत बस की पाच मिनिटं," वहिनी म्हणाली. "कोण बघतंय? हे घे, पाव खा." नाश्त्याच्या टेबलावरून रुमालात बांधून आणलेला पाव तिनं त्याच्या हातात कोंबला.

पालथ्या घड्यावर पाणी. एनेइदा वहिनीनं आमच्या ग्वायामा गावात, गल्लीच्या टोकाच्या शाळेत चौतीस वर्षं स्वयंपाक केला. रोज दुपारी तीनशे पोरं जेवायची. माझ्या भावाशी, एफ्राइनशी, लग्न होऊन ती आली तेव्हापासून मी तिला ओळखते, पण जेवण संपेपर्यंत टेबलाशी बसलेली कधी पाहिली नव्हती. सारखी उठायची, कुणाला काय हवं ते बघायला. अकरा वर्षांपूर्वी एफ्राइन गेला. मग शाळेतली पोरं कमी होत गेली आणि पाच वर्षांपूर्वी शाळाच बंद झाली. तेव्हापासून वहिनी एका माणसाचा भात करायला जाते आणि दहा माणसांचा करून ठेवते. मी समोरच्या घरात राहते, लग्न केलं नाही, त्यामुळे त्यातला निम्मा भात माझ्या पोटात गेलाय. तो दिसतोही.

पाव खिशात टाकून एल्मेरनं बॅगांना लावायच्या चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. पिवळ्या आणि हिरव्या.

"पिवळी घरी जाणाऱ्यांची, हिरवी धक्क्यावरून थेट विमानतळावर जाणाऱ्यांची. रात्री दहाच्या आत चिठ्ठी लावून बॅग दाराबाहेर ठेवा, सकाळी खाली मिळेल. मिग्दालिया मावशी, तुम्हाला पिवळी. या मावशींचं नाव दोन्ही याद्यांत आहे, म्हणून दोन्ही ठेवल्यात. काय ते तुम्ही ठरवा."

तेच तर ठरत नव्हतं. वहिनीची मुलगी यारेलिस समुद्रापलीकडे ऑरलँडोला असते. ही सहल तिनंच आम्हा दोघींना दिली होती, आईच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाची. सोबत आईसाठी विमानाचं तिकीट. बोट लागणार त्या सान हुआनहून ऑरलँडोला, उद्या दुपारचं. परतीचं नाही. वर लिहिलेलं, "आई, आता कायमची ये." वहिनी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "बोटीवर ठरवते," एवढंच म्हणाली.

आठवडाभर मी तोंडाला कुलूप लावून होते. आमच्याकडे मागणं पुरं होईपर्यंत संत आंतोनियोची मूर्ती उलटी ठेवतात; निघताना घरच्या मूर्तीला डोक्यावर उभं करून बजावून आले होते, वहिनी गेली तर तू असाच राहशील. स्वार्थी म्हणा मला. आमच्या गल्लीतली सात घरं अशीच पोरांनी बोलावलं म्हणून बंद झालीत. आठवं मला नको होतं.

शेवटच्या दिवशी मध्ये कुठलं बेट नव्हतं. नुसता समुद्र. आणि वहिनीला काय झालं कोण जाणे, ती एकदम मोकळी झाली. सहा दिवस पोहण्याच्या हौदाला लांबून वळसा घालणारी बाई डोक्यावर टोपी घालून गरम पाण्याच्या कुंडात उतरली आणि गळ्यापर्यंत बुडून बसली.

"मिग्दा, ये गं! सूप झाल्यासारखं वाटतंय."

"तू हो सूप. मला बघायला लावू नकोस."

"तुला घातलं तर चरबी तरंगेल वर," ती म्हणाली आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की शेजारची काग्वासची बाईसुद्धा हसायला लागली.

दुपारी आम्ही डॉमिनो खेळायला बसलो. समोर आरेसिबोचे दोन म्हातारे भाऊ, आठवडाभर कुणाकडून हरले नव्हते आणि ते सगळ्यांना सांगत फिरत होते. त्यातला थोरला सोंगटी अशी आपटायचा की ग्लास हलायचे.

"बायकांनो, सावकाश खेळा. घाई नाही. बोट उद्या पोचायचीय."

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. हातात उरलेली शेवटची सोंगटी तिनं अगदी हळू ठेवली, भांड्यावर झाकण ठेवावं तशी. ती दोन्ही टोकांना लागत होती, म्हणजे डाव तर आमचा झालाच, वर जादा गुणही.

"सावकाशच खेळले," वहिनी म्हणाली.

मी टाळ्या वाजवल्या. ती इतकी खुशीत आहे म्हणजे घरीच यायचं ठरलंय, असं माझ्या मनानं घेतलं. मीही मग मनापासून दिवस घालवला. दोन आइस्क्रीम खाल्ली.

चारला बोटीचा भटारखाना दाखवणार होते. वहिनी सगळ्यांच्या पुढे. आत माणूस उभा राहील एवढी पातेली, पोलादी टेबलं, आणि उर्बानो नावाचा पेरूचा आचारी रोज किती अंडी लागतात ते सांगत होता. बाकीचे फोटो काढत होते. वहिनी राजम्याच्या पातेल्यापाशी थांबली आणि वास घेतला.

"यात भोपळा फार लवकर घातलात."

उर्बानोनं तिच्याकडे नीट पाहिलं. "खरंय. विरघळला सगळा. काकू, तुम्ही मोठा स्वयंपाक केलेला दिसतो."

"चौतीस वर्षं. आणि आता पुन्हा. माझ्या मुलीच्या घराजवळ चर्चचं पाळणाघर आहे. साठ पोरं, आणि त्यांना डब्यातलं थंड खायला घालतात! स्वयंपाकाला बाई हवीय त्यांना. मी सगळं ठरवून ठेवलंय. सोमवारी राजमा, मंगळवारी तुरीचे दाणे घातलेला भात, बुधवारी कोंबडी. वाटण मी घरीच करून नेणार, विकतचं नाही चालायचं. लहान पोरांना तिखट कमी..."

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"म्हणजे, गेले असते तर," ती म्हणाली आणि पातेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

ते सांगतानाचा तिचा चेहरा मी पाहिला होता. शाळा बंद झाल्यापासून तो चेहरा मला दिसला नव्हता. पोरगी आईला ओढून नेतेय असं मी आठवडाभर समजत होते. हिला जायचंच होतं.

मी तासभर डेकवर एकटी बसले. माझ्या मनासारखं होत होतं आणि मला ते सोसवत नव्हतं. खोलीत आले तर वहिनीची बॅग दारापाशी तयार, मुठीला पिवळी चिठ्ठी. ती आरशासमोर कानात डूल घालत होती.

"ही कधी लावलीस?"

"सकाळीच. तू न्हाणीघरात होतीस तेव्हा. म्हटलं एकदाचं ठरवून टाकावं, म्हणजे दिवस तरी मजेत जाईल. गेला ना?"

"आणि ती साठ पोरं?"

"त्यांना मिळेल कुणीतरी. तुला कोण मिळणार? तू अंडंसुद्धा जाळतेस."

"माझ्या अंड्याची काळजी तुला कुणी करायला सांगितली?"

"एफ्राइन असता तर म्हणाला असता, बहिणीला एकटी टाकून गेलीस."

"एफ्राइन असता तर केव्हाच तिकडे जाऊन झोपाळा बांधून बसला असता. मला कारण करू नकोस, वहिनी!"

मी वाकून पिवळी चिठ्ठी सोडली आणि हिरवी बांधली. तिनं हिरवी सोडली. मी पुन्हा बांधली. दोन म्हाताऱ्या, जेवायला जायच्या झग्यांत, बॅगेच्या दोन बाजूंना गुडघे टेकून. दार वाजलं.

"मावशी, बॅग नेऊ?" एल्मेरचा आवाज.

"थांब!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

तिनं मुठीवर हात ठेवला तो काढेना. समजुतीनं ती ऐकणार नव्हती. मग मला सुचलं ते मी बोलले.

"तुला खरं सांगू? तुझी कॉफी मला कधीच आवडली नाही. रोज तीन वाजता तुझ्या ओट्यावर बसून चाळीस वर्षं कशीबशी ढोसली. आता तरी सुटका कर माझी."

तिचा हात मुठीवरून निघाला. मी दार उघडून बॅग एल्मेरकडे दिली. त्यानं हिरवी चिठ्ठी पाहिली, वहिनीकडे पाहिलं. मग ती ढकलगाडीवर चढवली. मागोमाग माझी बॅगही गेली. गाडीची चाकं वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दारात उभ्या होतो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते.

"एकदाही नाही आवडली?" तिनं हळूच विचारलं.

"नाही."

"चाळीस वर्षांत एकदाही?"

"एकदा," मी म्हणाले. अगदीच नाही म्हणायचं जिवावर आलं. "एफ्राइनला पुरून आलो, त्या संध्याकाळची. ती बरी होती."

वहिनीनं माझा हात हातात घेतला.

"त्या संध्याकाळी मी अंथरुणातून उठले नव्हते, मिग्दा," ती म्हणाली. "कॉफी तू केली होतीस."