कलम चोपन्नचं कार्ड

इंदूरच्या एका लॉ कॉलेजात मी संपत्ती कायदा शिकवते. कलमं डोक्यात बसावीत म्हणून मुलांसाठी हाताने कार्डं लिहिते. वेदांत पत्कीला ती सगळ्यांच्या आधी पाठ झाली. पहिला आला गाढव.

परवा तो पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आला. सिमरोलजवळ प्लॉट घेतला म्हणे, नुसत्या नोटरीवर.

“आणि रजिस्ट्री?”

“तिकडे सगळे नोटरीच करतात, मॅडमजी.”

माझं डोकं फिरलं. “कलम चोपन्न काय सांगतं?”

“नोंदणीकृत दस्ताशिवाय मालकी मिळत नाही,” तो घडाघडा बोलला.

“मग?”

“ते तर पेपरसाठी होतं ना.”

मी टेबलावरची सगळी कार्डं उचलून कचऱ्यात फेकली.

वेदांत घाईने वाकला. “मॅडमजी, हा ओल्या कचऱ्याचा डबा आहे,” म्हणत त्याने एकेक कार्ड काढून सुक्याच्या डब्यात टाकलं.