कार्डावरच्या दहा म्हशी

मी एक पैसाही खर्च न करता दहा शुभेच्छापत्रं तयार केली आणि माझ्या सासऱ्यांनी माझ्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

दिवाळीची सुट्टी होती. आम्ही शिरूरहून घोड नदीकाठच्या आमच्या गावी गेलो होतो. सासूबाई लेकीकडे फराळ घेऊन गेलेल्या, शेताला दिवसाची लाइट असल्यामुळे आबा (म्हणजे माझे सासरे) विहिरीवरच्या मोटारीपाशी, आणि नवरा कंपनीत फर्स्ट शिफ्टला. घरात मी, दहा वर्षांचा अथर्व आणि सहा वर्षांची जुई. जुईला दिवसाला साधारण शंभर प्रश्न पडतात. त्यातले नव्वद ती मला विचारते आणि उरलेले दहा मी झोपल्यावर उठवून विचारते!

"आई, आपण सगळ्यांना ग्रीटिंग देऊया?"

"देऊया. पण विकत काही आणायचं नाही. घरात असेल त्यातच करायचं." हे वाक्य मी फार अभिमानाने उच्चारलं होतं.

जुन्या कॅलेंडरचे कागद निघाले. कणकेची खळ शिजवली. पिवळ्याला हळद, लालला कुंकू, कडेला शेतातल्या झेंडूच्या पाकळ्या. अडलं ते काळ्या रंगावर. मग अथर्व माळ्यावर चढला आणि एक स्टीलचा डबा घेऊन खाली उतरला. आत बारीक, काळेभोर, चमकणारे दाणे!

"आई, हे काय आहे?"

"कलौंजी. मसाल्यात घालतात." (माझं माहेर दौंडचं, रेल्वे क्वार्टरमधलं. इंजिनाच्या आवाजावरून गाडी मालगाडी आहे की पॅसेंजर ते मी डोळे मिटून सांगते. दाण्यांचं काही विचारू नका.)

"खाऊन बघू?" जुईने विचारलं आणि खाल्लंसुद्धा. "आई, कांद्यासारखं लागतंय."

मीही चार दाणे चावले. खरंच कांद्यासारखं लागलं. "कुणीतरी कांद्याजवळ डबा ठेवला असणार," मी निदान केलं. "वास लागलाय. आता जेवणात चालणार नाही. घ्या वापरून!"

काळं काय काय असतं यावर चर्चा झाली. तवा, टायर, आबांची छत्री. शेवटी एकमताने म्हैस ठरली.

"पण दिवाळीत गाय असते ना? वसुबारसेची?" अथर्वला शंका आली.

"गाईला पांढरी कलौंजी लागेल," जुई म्हणाली, आणि विषय संपला.

खळ लावायची, दाणे भुरभुरवायचे, दाबायचे. पहिली म्हैस सपाट दिसली म्हणून तिला दुसरा थर दिला. मग बाकीच्या नाराज होतील म्हणून सगळ्यांनाच दुसरा थर! संध्याकाळपर्यंत दहा गुटगुटीत म्हशी वाळत पडल्या आणि डबा मी स्वच्छ घासून पालथा घातला. दोन कार्डं गल्लीत गेली, भाऊबीजेला एक दौंडला माझ्या पप्पांकडे पोहोचलं. सात घरी राहिली, ती शिरूरला परतल्यावर वाटायची होती.

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी आबांनी वाफे तयार केले, हातपाय धुतले आणि माळ्यावर गेले. बराच वेळ खाली आलेच नाहीत.

"त्या डब्यातलं बी कुणी काढलं?"

"कसलं बी आबा? त्यात कलौंजी होती."

"कलौंजी?" आबा शेवटच्या पायरीवर बसले. "सूनबाई, कांद्याचं बी हाय ते."

"म्हणून कांद्यासारखं लागत होतं!" जुईने टाळी वाजवली. तेवढाच एक माणूस घरात खूश होता.

मी घाईघाईने म्हटलं, "बाजारात मिळेल ना आबा, आपण आणू."

"बाजारात बी मिळतं. हे न्हाई मिळत. माझ्या आईनं राखल्यालं हाय हे, दर साली निवडून कांदं लावायचं आन् पुन्हा बी धरायचं. औंदा पावसानं फुलं झोडली, तेवढंच हाताला लागलं व्हतं."

मला रडूच आलं. बारा वर्षं मी या घरात तो कांदा चिरत होते आणि तो कुठून येतो हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नव्हतं. त्यानंतर आबा माझ्याशी जुईमार्फत बोलू लागले. "जुई, तुझ्या आईला म्हणावं, च्या गार झालाय." आई एका हाताच्या अंतरावर उभी!

मी दिलेली कार्डं परत मागायला निघाले. पहिलं घर पारुकाकूंचं.

"काकू, ते कार्ड परत द्याल का?"

"का गं? भांडान झालं का आपलं?"

"नाही हो. शुभेच्छा तुमच्याकडेच ठेवा. फक्त म्हैस द्या."

काकूंनी कार्ड देव्हाऱ्यातून काढलं, पण माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी उंबऱ्याला ठेचकाळतच बाहेर पडले. पलीकडच्या घरी तर कोंबड्यांनी कारभार उरकला होता. "पाठ समदी खाल्ली बघ," तिथली आजी म्हणाली, "शिंगं तेवढी हायत. नेतीस?"

मी शिंगं नेली!

दौंडला पप्पांनी कार्डाला काचेची फ्रेम करून घेतली होती. "नातवंडांनी पहिल्यांदा काही दिलंय. देणार नाही," ते म्हणाले. मी सगळी कथा सांगितली. निवृत्त रेल्वेवाले ते! त्यांनी ती शांतपणे ऐकली, पिशवी भरली आणि ते म्हणाले, "म्हैस माझ्या ताब्यात राहील. मी स्वतः आबांच्या हातात देईन." एसटीत सगळा रस्ता ती फ्रेम त्यांच्या मांडीवर उभी होती. कंडक्टरने दोनदा वाकून पाहिली.

आता बी सोडवायचं कसं? चमच्याने खरवडलं, दाणे फुटले. नखाने काढलं, नखं फुटली. माझी खळ एवढी चांगली जमेल असं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. चौथा दिवस होता. आबा कोपऱ्यात बसून पाहत होते.

"आबा," जुईने विचारलं, "बी कागदासकट पेरलं तर उगवतं का?"

"का न्हाई उगवनार? कागूद काय अडवतोय व्हय त्याला?" आबा चिडून बोलले आणि मधेच थांबले. गाल खाजवला. एक कार्ड उचलून उन्हात धरलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. "कनकीचीच खळ लावलीय नव्हं? दुसरं काय न्हाई ना त्यात?"

"फक्त कणीक, आबा," मी म्हटलं.

"मग बघू या की!" आबा थेट माझ्याशी बोलले होते!

पप्पांनी फ्रेम उघडून आपली म्हैस आबांच्या हातात दिली. दोन्ही आजोबांनी मिळून म्हशी वाफ्यात ओळीने निजवल्या. वर बारीक माती, मग झारीने पाणी. शिंगांनाही वेगळी जागा मिळाली. पप्पा राहिलेच. मुलांची सुट्टी होती म्हणून आम्हीही राहिलो. आबा रोज सगळ्यांच्या आधी वाफ्याशी जाऊन बसायचे आणि आम्ही दिसलो की "सहज आलतो" म्हणायचे. आठव्या दिवशी पहाटे त्यांची हाक आली. मी अनवाणी पळाले.

म्हशी उगवल्या होत्या! हिरव्यागार, दाट, चार पाय आणि शेपटीसकट. आबांनी गुडघे टेकून एका पात्याला बोट लावलं आणि त्यांचे डोळे भरले. माझेही. गावातून माणसं बघायला आली. "आबा, ह्यांचं दूध कवा काढायचं?" असं कुणीतरी विचारलंच. आबा छाती फुगवून सांगायचे, "आमच्या सूनबाईची नवी पद्धत हाय."

त्या कौतुकाने मला चेव आला. पुढच्या रविवारी आम्ही शिरूरहून पुन्हा गेलो, तेव्हा कुणाला न सांगता मी खुरपं घेतलं आणि वाफ्यात बसले. केवढं गवत माजलं होतं! तासभर मान वर केली नाही. बारीक, सरळ, हिरवं गवत मुळासकट उपटून बांधावर ढीग लावला.

मागून जुईचा आवाज आला. "आई, या म्हशीचं डोकं कुठं गेलं?"

आबा आले. त्यांनी ढिगातलं एक पातं उचललं, चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याही नाकाशी धरलं. कांद्याचा वास! मग त्यांनी माझ्या हातातलं खुरपं अगदी हळू काढून घेतलं.

"पोरांनो, आईला घरी न्या. कागूद द्या, कात्री द्या, काय मागंल ते द्या. बाकीच्या म्हशी मला वाचवायच्या हायत."

अथर्वने माझा उजवा हात धरला, जुईने डावा, आणि भर दुपारी सगळ्या गल्लीदेखत दोघांनी मला घरी नेऊन सोडलं.