रशीदभाईंच्या भिंतीवरचा डाग

रशीदभाईंची आणि माझी पहिली भेट चिंचेमुळे झाली. माझा मुलगा मिलिंद आसेगाव ते मंगरूळपीर जीप चालवतो. एकदा रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला आणि जीपच्या दिव्याची काच फुटली. आतली चकचकीत वाटी धुळीने माखली होती, ती मी पितळेच्या भांड्यासारखी चिंच आणि राख लावून घासली. चकाकी सगळी मोरीत वाहून गेली. मिलिंद माझ्याशी बोलेना, तेव्हा वाटी पदराखाली घेऊन मीच मंगरूळपीरला रशीदभाईंकडे गेले.

"भाभी, कितीक घासलं?"

"हात दुखेस्तोवर."

"मंग आता याच्यात वरण वाढा."

रशीदभाईंचं घराणं आरसे करणारं. बाजारात तयार आरसे आले, तसा त्यांनी तोच हात गाड्यांच्या दिव्यांकडे वळवला. वाटी धुऊन तिला रोगणाचा थर द्यायचा, तो वाळला की चांदीचं पाणी फवारायचं. बोट लावायचं नाही, फुंकायचंही नाही. मी फुंकर मारली, तर मला बाहेर काढलं. शेवटी दिवा पेटवून चुना दिलेल्या भिंतीवर उजेड पाहायचा. उजेडात डाग दिसला, की सगळा थर खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

एक ड्रायव्हर एकदा घायकुतीला आला. "चमकते तं आहे चाचा, द्या ना. सवाऱ्या खोळंबल्या."

"चमकाले काय, ताटलीबी चमकते. रोडवर उजेड पडला पाह्यजे," असं म्हणून त्यांनी दिवा ठेवूनच घेतला.

माझे मालक वारले तेव्हा ते एसटीने आसेगावला आले. धीराचं एक वाक्य त्यांना जमलं नाही. अंगणातल्या जीपचे दिवे पुसत बसले. आलेल्या सगळ्यांत मला त्यांचंच येणं बरं वाटलं.

पुढे साखरेने त्यांचे डोळे धरले. नजर आता उतरतच जाणार, असं अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. गेल्या हिवाळ्यात मिलिंदचा दुसरा दिवा त्यांनी केला, भिंतीसमोर पेटवला आणि मला विचारलं, "भाभी, तुमची नजर चांगली आहे. डाग दिसते काय?"

डाग होता. भाकरीच्या तुकड्याएवढा काळा. पण रशीदभाईंचं तोंड असं झालं होतं, की मी म्हणाले, "नाही दिसत."

ते केवढे खूश झाले! माझ्या शब्दावर त्यांनी आणखी कामं घेतली. मिलिंदलाही मी काही सांगितलं नाही. पण जीप रोज संध्याकाळी दारात येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे. दीड महिना असा काढला आणि मग त्यांच्याकडे गेले.

"रशीदभाई, डाग होता."

"कोन्त्या बाजूले?"

"डाव्या."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमचं तोंड पाहून."

"माह्या तोंडानं रोड दिसते काय?"

हिवाळ्यापासून केलेले सगळे दिवे त्यांनी निरोप धाडून परत मागवले आणि अकोल्याच्या कारागिराकडे पाठवले. मग आपल्या हाताने दुकानाचं शटर ओढलं. मंगरूळपीरच्या गाडीवाल्यांनी त्यांच्या पंचाहत्तरीला त्यांच्यावरच्या लेखांचं हे पुस्तक काढायचं ठरवलं आहे, तेही मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तारीफ बाकीचे लिहितीन. तुमी हे लिहा. म्हंजे कोनी दिवा घेऊन येनार नाही." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

म्हणून हे असं लिहवून घेतलं. बाकीच्या लेखांत त्यांच्या हाताची तारीफ येईल, आणि ती सगळी खरी असेल.

रशीदभाईंच्या डोळ्यांसाठी काही मागावं, तर डॉक्टरांनी जागा ठेवली नाही. साखर ताब्यात राहो, पायांत बळ राहो. बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या घरासमोरच्या ओट्यावर जाऊन बसते. ते तोंड फिरवतात, पण सरकून जागा करून देतात. असा राग धरायला त्यांना अजून पुष्कळ वर्षं मिळोत. मलाही कुठे जायची घाई नाही.